शेवटच्या दिवशी बुडी नाही!

मुलांनो, अंदमानला निघालात ना? हॅवलॉकला स्कूबाची बुडी मारायची आणि पोर्ट ब्लेअरहून विमानानं परतायचं. मग आधी एका सापाची गोष्ट ऐका.

साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात रॉबर्ट बॉइल नावाचा शास्त्रज्ञ होता. त्यानं घोणशीच्या कुळातला एक साप काचेच्या भांड्यात ठेवला आणि पंपानं आतली हवा ओढून काढली. बघतो तो काय, सापाच्या डोळ्यात एक बुडबुडा इकडून तिकडे फिरतोय! १६७० साली त्यानं हे छापून प्रसिद्ध केलं.

“पण आजोबा, डोळ्यात बुडबुडा आला कुठून?”

अगं, तो त्याच्या अंगातच होता, विरघळलेला! गोटीसोडा फोडला की कसा फसफसतो? दाब उतरला की विरघळलेला वायू बाहेर पडतो. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. २० मीटरवर तो तिप्पट. टाकीतली हवाही त्याच दाबानं छातीत जाते. तिच्यातला ऑक्सिजन शरीर वापरतं, नायट्रोजन मात्र रक्तात नि चरबीत मुरत राहतो. वर आल्यावर तो श्वासावाटे निघून जातो, पण सावकाश, तासन् तास. घाई झाली की त्याचे बुडबुडे होतात. मग सांधे ठणकतात, कधी मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडतात.

पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन नावाच्या शास्त्रज्ञानं शेळ्या दाबाच्या कोठीत ठेवून हे तपासलं. दाब झटकन उतरवला की शेळी दुखरा पाय उचलून धरायची. टप्प्याटप्प्यानं उतरवला की ठणठणीत. त्यावरून १९०८ मध्ये पाणबुड्यांसाठी वर येण्याचे तक्ते निघाले.

“आम्ही हळूहळूच वर येऊ. मग विमानाचं काय?”

अरे, उडत्या विमानाच्या केबिनमधला दाब १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच, म्हणजे जमिनीपेक्षा जवळजवळ पाव भाग कमी. अंगात नायट्रोजन उरला असेल, तर विमान हा बॉइलचा पंपच झाला की!

म्हणून एकच साधी बुडी मारली, तर विमानाआधी निदान १२ तास थांबायचं. अनेक बुड्या मारल्या तर १८. मी तर २४ म्हणेन. शेवटचा दिवस सेल्युलर जेल बघा. विमानातून उतरून बुडी मारायला मात्र ही अडचण नाही, कारण तेव्हा दाब वाढतो. तारकर्लीला बुडी मारून लगेच आंबोली घाट चढणाऱ्यांनीही प्रशिक्षकाला विचारावं. आंबोली सुमारे ७०० मीटरवर आहे.

आणि बुडीनंतर सांधा ठणकला, हातापायाला मुंग्या आल्या, तर विमान चुकलं तरी चालेल. आधी डॉक्टर गाठा.