शेरू भुंकला नाही

मार्गशीर्ष सरत आला की तुरीच्या शेंगा भरतात, हरभऱ्याला घाटे धरतात आणि आमच्या गावात जागल सुरू होते. वाशीम जिल्ह्यातल्या मंगरुळपीर तालुक्यात आमचं शिवार आहे. रोही (नीलगाई) आणि रानडुकरं एका रात्रीत उभ्या पिकाचं वाटोळं करतात, म्हणून चार-पाच घरं मिळून पाळ्या लावतात. त्या रात्री बाबा पुढं होते. मागं शेजारचे तिघं, बॅटरी धरलेला मी, आणि बाबांच्या पायाशी शेरू. गावठी, तांबूस रंगाचा, एक कान फाटलेला.

नाल्याच्या काठाला तुरीत काहीतरी हललं. एरवी रोही दिसली की शेरू बोंब मारत धावायचा. त्या रात्री तो जागच्या जागी थिजला. मानेवरचे केस उभे, शेपूट खाली, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला. आवाज नाही. बाबांनी हात आडवा धरला.

"रोही असन भाऊ, चाला ना," मागून एक जण म्हणाला.

बाबा हलले नाहीत. सगळ्यांना बांधावर मागं घेतलं आणि तिथूनच डबे वाजवायला लावले. सकाळी पाहतो तर आम्ही जिथून नाल्यात उतरणार होतो, तिथंच चिखलात डुकरिणीचे आणि पिलांचे माग. पिलं सोबत असली की डुकरीण अंगावर येते, हे इथं कोणाला सांगावं लागत नाही.

"बाबा, तुमाले कसं समजलं?"

"मले नाई समजलं. तो भुकला नाई, म्हून थांबलो."

पुढं नोकरीत माझ्या हाताखाली माणसं आली, तेव्हा या उत्तराचा अर्थ मी शोधत राहिलो. गॅरी क्लाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या लेखनात तो सापडला. त्यांनी अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याची हकिगत नोंदवली आहे. एका बैठ्या घराच्या स्वयंपाकघरात आग लागली होती. पाणी मारूनही ती हटेना. खोली नको तितकी तापली होती आणि आगीचा आवाज मात्र फारच कमी. अधिकाऱ्याने कारण न कळताच सगळ्यांना बाहेर काढलं. लगेच जमीन खचली. खरी आग खालच्या तळघरात होती. आपल्याला अतींद्रिय शक्ती आहे, असं त्या अधिकाऱ्याला वाटत होतं. क्लाइन यांनी खोदून विचारलं तेव्हा उलगडलं: शेकडो आगी पाहिलेल्या मनाला आग कशी वागते ते पाठ होतं, आणि ही आग तशी वागत नव्हती. आपण ज्याला मनाचा कौल म्हणतो, तो बहुतेक वेळा असा असतो. ओळख आधी पटते, कारण मागाहून सापडतं. बाबांना शेरूचं भुंकणं पाठ होतं, म्हणून त्याचं गप्प राहणं ऐकू आलं.

मग मनाचा कौल नेहमीच मानावा का? नाही, आणि इथं मी ठाम आहे. क्लाइन आणि नोबेल विजेते डॅनिएल कानमन यांची या प्रश्नावरची मतं एकमेकांविरुद्ध होती. २००९ मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला आणि दोन अटींवर त्यांचं जमलं. एक, त्या क्षेत्रात काही नियमितपणा हवा. दोन, माणसाने तिथं दीर्घकाळ राबून आपलं कुठं चुकलं, कुठं बरोबर आलं हे वेळच्या वेळी पाहिलेलं हवं. रानात दोन्ही मिळतं. बाजारात मिळत नाही. २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेला, तेव्हा याच बाबांचं मन "अजून चढन" म्हणालं. त्यांनी पोती ठेवली. नवं पीक येईतो भाव निम्म्याजवळ आला. माणूस तोच, खात्रीही तितकीच.

पुढाऱ्याने जनावराच्या कौलावर चालणं आपल्या मुलखाला नवं नाही. पोहरादेवी याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांची समाधी तिथं आहे. बंजाऱ्यांचे, म्हणजे लमाणांचे, तांडे धान्य-मीठ बैलांवर लादून दूरदूर जात, आणि तांड्याचा शब्द नायकाचा. पण एकोणिसाव्या शतकात बंजाऱ्यांवर जे लिहिलं गेलं, त्यात 'हातादिया' नावाच्या बैलाचं वर्णन आहे. त्याच्या पाठीवर कधी ओझं लादत नसत. लाल रेशमाने आणि घुंगरांनी त्याला सजवत, अडचणीत त्याच्या पायाशी नवस बोलत. वाटचालीत थकून तो जिथं बसेल, तिथं त्या दिवसाचा मुक्काम.

यात श्रद्धा आहेच. मला त्यात नायकाचं शहाणपणही दिसतं. पुढचा बाजार गाठायची घाई माणसाला असते, बैलाला नसते. अजून दोन कोस रेटू, हा मोह नायकाला होणारच. म्हणून थांबण्याचा निर्णय ज्याला नफ्याशी काही देणंघेणं नाही, त्याच्यावर सोपवलेला.

जनावराकडून शिकण्याची आणखी एक बाजू आहे, ती सांगायलाच हवी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. मालक निवृत्त शिक्षक, प्रामाणिक माणूस. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये त्यामागचं कारण मांडलं. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलं किंवा तो घोड्याला दिसत नसला, की हान्स चुकायचा. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं. घोडा ते टिपून खूर थांबवायचा. त्याला गणित येत नव्हतं, माणूस वाचता येत होता.

सरपंच, मुख्याध्यापक, बचत गटाच्या अध्यक्ष, कंपनीतला साहेब — कोणीही असा, तुमच्यासमोर बसलेली माणसंही तुमचा चेहरा अशीच वाचत असतात. तुम्ही विचारता, "काय वाटतं?" आणि तुम्हाला हवं तिथं ती थांबतात. मग सगळ्यांचं मत आपल्यासारखंच निघालं, म्हणून आपल्याला आपला कौल खरा वाटतो. शेरूला बाबांची मर्जी राखायची नव्हती, म्हणून त्याचं थांबणं मोलाचं होतं.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करून पाहा. स्वतःचं मत सगळ्यांत शेवटी सांगा. आणि एरवी बोलणारा जो माणूस त्या दिवशी गप्प असेल, त्याला आधी विचारा.