तीन हंगामांचा एक संघ

अमेरिकेतील छोट्या महाविद्यालयांच्या महिला अ‍ॅथलेटिक्स संघांचा जमाखर्च राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या, म्हणजे एनसीएएच्या, तिसऱ्या श्रेणीच्या नियमांनी ठरतो. १९७३ मध्ये पाडलेल्या तीन श्रेणींपैकी या श्रेणीत खेळातील प्रावीण्यासाठी शिष्यवृत्ती देण्यास मनाई असून, धावपटू इतर विद्यार्थिनींप्रमाणेच शुल्क भरते किंवा आर्थिक गरज आणि अभ्यासातील गुणवत्ता यांवर मिळणारी मदत घेते. तिकीटविक्रीचे उत्पन्न नाममात्र असल्याने खर्चाचा भार महाविद्यालयाच्या सर्वसाधारण निधीवर पडतो. मात्र, खेळायला मिळते म्हणून ज्या मुली त्या महाविद्यालयात प्रवेश घेतात, त्यांचे शुल्क संघाच्या खात्यात जमा दिसत नाही, आणि ही उणीव किरकोळ मानता येणार नाही.

सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगभेद करण्यास मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा १९७२ चा. खेळाडूंची संख्या, प्रशिक्षक आणि खर्च यांचा वार्षिक तपशील जाहीर करण्याची सक्ती १९९४ च्या कायद्याने आली. शरद ऋतूत क्रॉस-कंट्री, म्हणजे माळरानावरील लांब पल्ल्याची शर्यत, हिवाळ्यात बंदिस्त मैदानावर आणि वसंतात खुल्या मैदानावर धावणारी एकच मुलगी तिन्ही हंगामांत मोजली जाते. तिचा प्रशिक्षकही बहुधा एकच असतो, आणि पुष्कळदा तोच पुरुषांचा संघही सांभाळतो.

खरी ओढाताण इथेच होते, कारण अडथळ्यांची शर्यत, हातोडाफेक आणि बांबू उडी यांचे तंत्र परस्परांपासून इतके भिन्न आहे की एका व्यक्तीने सगळे शिकवणे जवळजवळ अशक्य ठरते. बांबू उडीचाच विचार केला, तर प्रत्येक बांबूवर त्याची लांबी आणि तो पेलू शकेल ते वजन छापलेले असते. मुलीचा वेग वाढला की तिला अधिक ताठ बांबू लागतो, म्हणजे एका खेळाडूसाठीही बांबूंचा संच बाळगावा लागतो, शिवाय खाली जाड गादी हवी आणि प्रवासात चार मीटरांच्या आसपास लांबीचे हे बांबू नेण्याची सोयही हवी. हे शिकवायला येणारा सहायक सहसा अर्धवेळ असतो, कधी विनावेतनही. वार्षिक अहवालाच्या तक्त्यात अर्धवेळ कर्मचारी आणि स्वयंसेवक यांच्यासाठी रकाना एकच आहे.