भट्टीवरच्या संसाराची कादंबरी कुठाय?

मुंबई-गोवा महामार्गावरचा कशेडीचा बोगदा 2023च्या गणपतीत तात्पुरता उघडला, पुढे दुसराही सुरू झाला. आता भोगावला आत शिरायचं आणि सुमारे दोन किलोमीटरनंतर खेडच्या हद्दीत बाहेर पडायचं. पोरांच्या उलट्या थांबल्या, चाकरमानी खूश. पण वरचा घाट आणि त्याच्या आजूबाजूचं रान प्रवाशाच्या नजरेतून गेलं. साहित्याच्या नजरेत तर ते नीटसं आलंच नव्हतं.

घाट उतरला की जगबुडी नदीचं खोरं. श्री. ना. पेंडश्यांची ‘तुंबाडचे खोत’ (1987) तिथली. एका घराण्याच्या चार पिढ्या, दोन खंड. ठाकर आदिवासींना गो. नी. दांडेकरांनी ‘जैत रे जैत’ दिली, 1977 साली तिचा सिनेमाही झाला. मग रान तोडून कोळसा पाडणाऱ्या कातकऱ्यांच्या चार पिढ्या कुणी लिहायच्या?

सामग्री कमी नाही. खैराचे तुकडे उकळून कात काढणं हा त्यांचा जुना धंदा. 1878च्या वनकायद्यानंतर राखीव रानात कुऱ्हाड लावणं गुन्हा ठरत गेलं आणि तीच माणसं ठेकेदाराच्या तोडीवर मजूर झाली. मुंबई-पुण्याच्या शेगड्या आणि इस्त्र्या कोळशावर तापत होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं, तेव्हा मोटारीसुद्धा कोळशाच्या गॅसवर धावल्या.

पावसाळ्यात कातकऱ्यांच्या हातात पैसा नसतो, तेव्हा ठेकेदार सेठकडून उचल घ्यायची. दिवाळी झाली की बिऱ्हाड, कोंबड्या, पोरं घेऊन कोळशाच्या भट्टीवर जायचं. पुरुष तोडतो, बाई ओंडके वाहते. लाकडं रचून त्यावर पाला आणि माती लिंपायची, आत विस्तव सोडायचा. आधी दाट पांढरा धूर येतो. तो विरळ निळसर झाला की कोळसा तयार होत आला. तोवर रात्री कुणीतरी जागं राहायचं, कारण मातीला भेग पडून आत वारा शिरला तर लाकडाची राख होते आणि केलेली मेहनत फुकट जाते. हे जागणं नवराबायकोच वाटून घेतात. मला विचाराल तर कादंबरीचं पहिलं प्रकरण इथेच आहे: भांडण, बाळंतपण, पोराचा ताप, सगळं त्या धुरात. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. उचल फिटलीच नाही तर पुढचं वर्षही त्याच सेठचं. वेठबिगारी कायद्याने 1976 साली संपली, असं आपण परीक्षेत लिहितो.

अमेरिकेत रान तोडणाऱ्यांच्या संसाराचा विषय चांगलाच रुजलाय. लॉरा इंगल्स वाइल्डरने 1932 साली विस्कॉन्सिनच्या रानातलं घर मुलांसाठी लिहिलं. अॅनी प्रूच्या ‘बार्कस्किन्स’मध्ये (2016) दोन लाकूडतोड्यांच्या घराण्यांची तीनशे वर्षं येतात. तिकडे रान साफ करणाऱ्या कित्येकांची पुढे स्वतःची शेतं झाली (ती जमीन आधी दुसऱ्याच कुणाची होती, ते सोडा). इकडे तोडणाऱ्याच्या वाट्याला बहुधा राहत्या झोपडीखालची जागाही आली नाही. म्हणून तिकडचा साचा उचलून इथे चालणार नाही.

आपली ऐतिहासिक कादंबरी गड आणि वाडे सोडायला तयार नसते, कारण तिथे बखरी आहेत, कागद आहेत. भट्टीचा कागद म्हणजे सेठची वही, आणि ती लिहिलीय सेठने. दुसरी बाजू वाडीवरच्या म्हाताऱ्या बायकांकडे आहे. लेखकाने महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर जायचं तर पावसाळ्यात जावं. दिवाळीनंतर तिथली बरीच दारं बंद असतात.