कोरियाटाउनच्या पाळकाचा बुधवार

पहाटे साडेपाच. लॉस एंजलिसच्या कोरियाटाउनमधलं एक लहानसं प्रेस्बिटेरियन चर्च. नाव कुणाचं घेत नाही, कारण तिथल्या बहुतेक लहान मंडळ्यांत बुधवार साधारण असाच जातो. कामावर निघालेली माणसं आधी इथे येतात. कोरियन ख्रिस्ती लोकांत पहाटेची प्रार्थना ही रोजची गोष्ट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्योंगयांगमध्ये किल सॉनजू यांनी ती रुजवली, असं मानतात. १९०७ साली दीक्षा मिळालेल्या पहिल्या सात कोरियन प्रेस्बिटेरियन पाळकांपैकी ते एक. पाळक शास्त्रपाठ वाचतात, थोडं बोलतात, मग दिवे मंद होतात आणि सगळे एकाच वेळी, मोठ्यानं आपलं गाऱ्हाणं देवापुढे मांडू लागतात. बाहेरच्याला तो गलका वाटेल. पण दिवसभर दुकानात तुटक्या इंग्रजीत बोलणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत इतकं मोकळं रडता येईल अशी दुसरी जागा त्या शहरात नाही.

आठ वाजता संध्याकाळच्या उपदेशाची तयारी. पहाटेचे धरून आठवड्याला सहा-सात उपदेश सहज होतात.

दहाला भेटी सुरू. पाळक घरी जातात, तसे दुकानातही जातात: ड्रायक्लीनिंगच्या, किराणा मालाच्या. गल्ल्यामागे उभं राहूनच एक स्तोत्र, एक वचन, एक प्रार्थना. निघताना हातात सोललेलं फळ येतंच. २९ एप्रिल १९९२ ला शहरात दंगल पेटली, तेव्हा कोरियन लोकांची दोन हजारांहून अधिक दुकानं जळाली किंवा लुटली गेली. वयस्क दुकानदारांच्या प्रार्थनेत ते दिवस अजून येतात, आणि पाळकाला ते दरवेळी नव्यानं ऐकावे लागतात.

दुपारी एक ते चार हा माझ्या मते या सेवेचा गाभा. आजीबाई हॉस्पिटलचं बिल घेऊन येतात, कुणी मुलाच्या शाळेची चिठ्ठी, कुणी इमिग्रेशनचं पत्र. पाळक वकील नाहीत; तरी ते वाचून दाखवतात, कुठे जायचं ते सांगतात, दुभाषा म्हणून सोबत जातात. १३ जानेवारी १९०३ रोजी उसाच्या मळ्यांसाठी कोरियन मजुरांचं पहिलं जहाज होनोलुलूला लागलं, तेव्हापासून कोरियन माणूस अडचणीत आधी चर्चचं दार ठोठावतो. आणि ज्यांच्याकडे सगळे कागद घेऊन येतात, त्यांचे स्वतःचे कागदही अनेकदा अर्धवट असतात. धर्मसेवकांचा आर-१ व्हिसा जास्तीत जास्त ५ वर्षांचा, तोही मंडळीच्या अर्जावर.

पाचला तरुण मुलं येतात. ती इंग्रजीत विचारतात, पाळक कोरियनमध्ये विचार करतात. उत्तर उशिरा येतं, पण मुलं थांबतात, हे मला मोठं वाटतं.

साडेसातला बुधवारची उपासना. पाळकबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, स्वयंपाकघर, पियानो आणि लहान मुलं सांभाळतात, बहुधा एक डॉलरही न घेता.

नऊ वाजता वडील मंडळाची बैठक. आपल्याकडे मुंबईच्या विल्सन कॉलेजमुळे स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांचं नाव ठाऊक आहे. कोरियाटाउनच्या मंडळीची घडण त्याच परंपरेतली. मंडळीनं निवडलेले वडील, म्हणजे एल्डर, आणि पाळक मिळून ठरवतात. पाळक अध्यक्ष असतात, मालक नसतात. छप्पर दुरुस्तीवर तासभर वाद होतो, तो त्यांना ऐकून घ्यावा लागतो, आणि व्हिसाचा अर्ज ज्या मंडळीचा, तिचे वडील हेच.

सोमवार हा पाळकांच्या सुट्टीचा दिवस, पण आजार आणि अंत्यविधी वार पाहून येत नाहीत. मंडळीनं हा एक दिवस तरी त्यांना खरोखर द्यावा, आणि पाळकबाईंच्या कामाला पगार द्यावा.