ताबा, तारीख आणि मुलाचा नकार

कुटुंब न्यायालयांच्या कायद्याला २०२४च्या सप्टेंबरात चाळीस वर्षं पूर्ण झाली. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं मुलांच्या ताब्याच्या एका प्रकरणात बजावलं, की दुसऱ्या पालकाविरुद्ध मुलाचं मन कलुषित केल्याचा शिक्का कुणावर मारण्याआधी तशा वागण्याचे नेमके प्रसंग कोर्टानं शोधले पाहिजेत. निकाल योग्यच होता. मनाला लागलं ते नंतर जे झालं ते. थोड्याच दिवसांत अर्जांमध्ये अशा प्रसंगांच्या याद्या दिसू लागल्या, आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या घरांतल्या त्या याद्या परिच्छेदच्या परिच्छेद सारख्या होत्या. संगणकावरच्या जुन्या अर्जातलं नाव बदलून नवा अर्ज तयार होतो. ज्याच्याबद्दल हे सगळं चाललेलं असतं ते मूल भेटीच्या खोलीच्या दारात अडून बसलेलं असतं, आणि आत बसलेल्या बापाला किंवा आईला ते बघावंही लागतं.

महाराष्ट्रात ही न्यायालयं १९८९ साली पुण्या-मुंबईत सुरू झाली. पहिल्या दहा-बारा वर्षांबद्दल या विषयापुरतं सांगण्यासारखं फार नाही. पोटगी, स्त्रीधन, नांदायला येण्याचे अर्ज यांनीच बोर्ड भरलेला असायचा. ताब्याचा प्रश्न निघालाच तर १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातली पाच वर्षांची मर्यादा दाखवली जायची: त्याखालचं मूल सामान्यतः आईकडे. वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक असू शकते, हे १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. बाकी मूल आजोळी वाढायचं, बाप दुसरा संसार थाटायचा आणि फाइल बंद व्हायची.

त्या काळातली एक गोष्ट मात्र मला आज फार आठवते. विवाह समुपदेशक एकाच कुटुंबाबरोबर महिनोन्‌महिने बसत. गरज पडली तर घरी जात, मूल कुठे झोपतं, कोण जेवू घालतं, शेजारीपाजारी काय म्हणतात ते बघून येत. त्यांचा अहवाल चार पानांचा असायचा आणि त्यात मूल दिसायचं. अलीकडे एक-दोन बैठकांवर उरकलेला अर्ध्या पानाचा अहवाल हातात येतो. समुपदेशकांना दोष देववत नाही. एकेकीच्या टेबलावर किती प्रकरणं असतात ते मी बघितलं आहे.

मला खरं बोलायचंय ते २०१०नंतरच्या दशकाबद्दल. ते मी काळ्या कोटात, त्या बाकांवर काढलं. बाप लढू लागले होते, ही त्यातली चांगली गोष्ट. बाळाचे लंगोट बदललेले, शाळेच्या बसपर्यंत रोज सोडायला गेलेले हे बाप; घर मोडल्यावर महिन्यातल्या दोन शनिवारांवर त्यांचं समाधान होईना. पण दोन्ही बाजू आपलं म्हणणं मुलाच्या तोंडून मांडू लागल्या. सात वर्षांची मुलगी समुपदेशकाला सांगायची, ‘बाबांनी आमच्यावर केस टाकलीय.’ एखादा मुलगा ‘मम्माचं कॅरेक्टर’ असे शब्द वापरायचा आणि ते कुठल्या आजीकडून आले ते ऐकणाऱ्याला लगेच कळायचं. मुलाला मोबाइलसमोर बसवून प्रश्न विचारायचे आणि ते रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हमध्ये घालून पुरावा म्हणून दाखल करायचं, ही पद्धत याच दशकात रुळली. उत्तराआधी हळूच शब्द पुरवणारा मोठ्या माणसाचा आवाजही त्यात असायचा. ‘पोराला पढवलंय’ हे मी दोन्हीकडच्या बाकांवरून ऐकलं आहे, आणि बऱ्याचदा दोन्हीकडचे खरं बोलत होते.

कोर्ट या काळात तारखा देत होतं. भेटीचा अंतरिम हुकूम व्हायचा: पहिला आणि तिसरा शनिवार, कोर्टातल्याच मुलांच्या खोलीत दोन तास. पहिल्या शनिवारी मुलाला ताप, सोबत डॉक्टरचा दाखला. पुढच्या वेळी परीक्षा. मग मामाचं लग्न. हुकूम मोडला म्हणून दाद मागायची तर नवा अर्ज, त्याला नोटीस, म्हणणं दाखल करायला मुदत, मुदतीवर मुदत, आणि तेवढ्यात न्यायाधीशांची बदली. वर्ष सरायचं. मग मुलाला चेंबरमध्ये बोलावून विचारायचं, ‘तुला कुणाकडे राहायचंय?’ पाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे त्याला आठवणारा जवळजवळ सगळा काळ. ज्याच्या घरी तो काळ गेला त्याचंच नाव ते घेणार. १८९०चा पालक व पाल्य कायदा एवढंच म्हणतो, की समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मूल मोठं असेल तर ती पसंती विचारात घेता येईल. प्रत्यक्षात चेंबरमधलं ते एक वाक्यच निकाल होऊन बसायचं. मुलाचं मन दुसऱ्या पालकापासून तुटायला घरातल्या कुणी खूप विष कालवावं लागत नाही. थोडं कालवलं आणि कोर्टानं पुरेसा वेळ दिला की काम होतं.

हा वेळ कसा मिळवायचा ते शिकवणारे माझ्याच व्यवसायातले होते. कॉरिडॉरमध्ये पक्षकाराला ‘सहा महिने काढा, मग मूलच नको म्हणेल’ असा सल्ला देणाऱ्या ज्येष्ठांना मी तेव्हाही तोंडावर सुनावलं होतं आणि आज लिहूनही सांगते: ती वकिली नव्हती, ते मुलाचं नुकसान होतं, आणि त्याची फी घेतली गेली.

याच दशकात वरून आशेचे निकाल आले. फेब्रुवारी २०१५मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं उच्च न्यायालयाचा निर्णय फिरवला आणि सांगितलं, की पाच वर्षांखालचं मूल आईकडे देऊ नये असं बापाचं म्हणणं असेल तर ते सिद्ध करण्याची जबाबदारीही बापाचीच. मे २०१५मध्ये न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगानं २५७वा अहवाल दिला. संयुक्त ताबा, भेटींचं स्पष्ट वेळापत्रक, दोन्ही पालकांनी मिळून आखायचा संगोपनाचा आराखडा, सगळं त्यात होतं. आम्ही काहीजणांनी तो अहवाल छापून घेऊन वाचला होता. त्याचा कायदा अजून झालेला नाही.

मग फेब्रुवारी २०१७. आईपासून ताटातूट झाली तेव्हा दोन वर्षांचीही नसलेली एक मुलगी निकालाच्या वेळी आठ वर्षांची झाली होती आणि तिला बापाकडेच राहायचं होतं. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, आईबरोबर राहण्याची संधीच न मिळालेल्या मुलीची ही पसंती निर्णायक मानता येणार नाही. आणि तिला आईकडे पाठवलं. ‘पॅरेंटल एलिएनेशन सिंड्रोम’, म्हणजे एका पालकानं मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध कलुषित करणं, हे शब्द त्या निकालात होते. त्या दिवसापासून ते आमच्या प्रत्येक अर्जात आले. रिचर्ड गार्डनर या अमेरिकी बालमानसोपचारतज्ज्ञानं १९८५ साली ही कल्पना मांडली, अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदान-पुस्तिकेत तिला जागा मिळाली नाही, हे सांगायला कोर्टात उभं राहिलं की समोरचे म्हणायचे, बाई विषय वाढवताहेत. पुरुषांच्या हक्कांसाठी झगडणारे त्या निकालाच्या प्रती घेऊन फिरत होते. त्या प्रकरणात ठपका बापावर होता, हे त्यांना सांगावं लागायचं.

यातली सर्वांत वाईट गोष्ट अशी, की मार खाल्लेल्या बायकांवरही हाच शिक्का बसू लागला. मूल बापाजवळ जात नाही, कारण त्यानं आईच्या तोंडावर ताट फेकलेलं पाहिलंय. अशा मुलाचा नकार खरा असतो. पढवलेल्या मुलाचा नकारही बाहेरून तसाच दिसतो. दोन्हींतला फरक ओळखायला त्या घरात जावं लागतं, मुलाशी चार-सहा वेळा कुणी घाई न करता बोलावं लागतं. महिला संघटनांचा या शब्दाला विरोध होता तो मला म्हणून पटतो. २०२३मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अलसालेम यांनीही कोर्टांत या कल्पनेचा वापर बंद करावा असं सुचवलं. पण मुलाचं मन खरोखरच वळवलं जातं, हे मान्य करायला महिला संघटनांतल्या काही मैत्रिणी तयार नव्हत्या आणि त्यावरून आमचे संबंध दुरावले. मी दोन्ही प्रकारची मुलं बघितली आहेत. एकाची बाजू घ्यायला दुसऱ्याला खोटं ठरवण्याची मला गरज वाटली नाही.

जानेवारी २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भेटीचे हुकूम मोघम नकोत. वेळ, जागा, पद्धत स्पष्ट लिहा, आणि दूर राहणाऱ्या पालकाला फोन-व्हिडिओवर बोलू द्या. दोन महिन्यांनी टाळेबंदी आली. प्रत्यक्ष भेटी थांबल्या आणि ज्याला मूल दाखवायचं नव्हतं त्याला कोर्टात कारण सांगण्याचीही गरज उरली नाही. कोर्टं पुन्हा उघडली तेव्हा आमच्याकडच्या काही मुलांनी समोरच्या पालकाला ओळख दाखवली नाही. ते दशक माझ्यासाठी तिथे संपलं.

आता मी फार कमी प्रकरणं घेते. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एका वडिलांसाठी उन्हाळी सुट्टीतल्या पंधरा दिवसांच्या ताब्याचा अर्ज दिला. मुलगी नऊ वर्षांची आहे. मारहाणीचा, धाकाचा एकही आरोप नाही. समोरच्यांनी म्हणण्यासाठी मुदत मागितली, ती मिळाली. मग पुन्हा मागितली, तीही मिळाली. मे महिन्यात कोर्टाला सुट्टी, आणि सुट्टीतल्या न्यायाधीशांपुढे विषय तातडीचा मानला गेला नाही. सुनावणीसाठी आम्हाला जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. मुलीची शाळा त्याआधीच सुरू होते.