मनःशक्तीची किंमत

फासे टाकून खेळायच्या कथाखेळांत, म्हणजे रोलप्लेइंग गेममध्ये, मनःशक्तीला पहिले सविस्तर नियम मिळाले ते 1976 साली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' तेव्हा दोनच वर्षांचा होता. त्याच्या 'एल्ड्रिच विझर्ड्री' या पुरवणीत दुसऱ्याच्या मनावर हल्ला चढवण्याचे पाच आणि स्वतःचे मन राखण्याचे पाच प्रकार दिले होते. या शक्तीसाठीचा 'सायॉनिक्स' हा शब्द त्याआधी, 1951 मध्ये, विज्ञानकथालेखक जॅक विल्यमसन यांनी वापरला होता. त्यामागे ड्यूक विद्यापीठातल्या जे. बी. राइन यांचे पत्ते ओळखण्याचे प्रयोग होते. त्यामुळे या शक्तीला पहिल्यापासून प्रयोगशाळेचा वास आहे. गुरू, दैवत, नवस यांना तिथे जागा नव्हती.

याच खेळाच्या 1978 च्या नियमांत ही शक्ती निव्वळ नशिबाची होती. शंभरापर्यंतचे आकडे देणारे फासे टाकायचे, आकडा पुरेसा मोठा पडला तर शक्ती मिळाली. एखाद्याला घबाड लागे, बाकीचे कोरडे राहत, आणि घबाड लागलेल्याला त्याबद्दल काही मोजावे लागत नसे. 1977 च्या 'ट्रॅव्हलर' या दुसऱ्या कथाखेळाची तोड जास्त शहाणपणाची होती: पात्राचा नोकरीत जितका काळ गेला तितकी मनःशक्ती घटलेली. अनुभव हवा की शक्ती, हे खेळाडूलाच ठरवावे लागे.

1991 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 'कम्प्लीट सायॉनिक्स हँडबुक'ने मनःशक्तीच्या गुणांच्या साठ्याला स्वतंत्र पेशा जोडला. त्याच वर्षीच्या 'डार्क सन' या वाळवंटी जगात तर जवळजवळ प्रत्येकाकडे एखादी तरी अशी शक्ती होती. 2004 च्या नियमांनी एका वेळी किती गुण खर्चता येतील यावर पात्राच्या पातळीचा लगाम घातला. पुढे 'मिस्टिक' नावाचा नवा पेशा 2017 पर्यंत चाचणीला ठेवून अखेर सोडून दिला गेला. 2020 मध्ये योद्धा आणि चोर यांच्याच उपप्रकारांना मोजक्या फाशांचा साठा देऊन हा प्रश्न मिटवला. यातला बराचसा बदल हा इंधन मोजण्याच्या पद्धतीतला आहे. साठा संपतो, पात्र झोपते, सकाळी साठा पुन्हा भरतो. शक्ती वापरल्याची खूण पात्राच्या आयुष्यावर राहत नाही.

ही खूण कशी असते ते पाहायला मुरबाड तालुका सोयीचा आहे. देहरी गावावर गोरखगडाचा सुळका उभा आहे आणि शेजारी मच्छिंद्रगड. गोरक्षनाथांनी इथे साधना केली असे परंपरा सांगते. ते आणि त्यांचे गुरू मच्छिंद्रनाथ यांच्या कथा मराठी घरांत पोचल्या त्या मुख्यतः मालूकवीच्या 'नवनाथ भक्तिसार'मधून. शके 1741, म्हणजे 1819 चा हा चाळीस अध्यायांचा ग्रंथ वरवर पाहता अस्त्रे आणि सिद्धींची आतषबाजी वाटतो. त्यातला परकायाप्रवेश मात्र नियम लिहिणाऱ्याने बारकाईने पाहावा असा आहे. मच्छिंद्रनाथ त्रिविक्रम राजाच्या मृत देहात शिरतात, त्याला बारा वर्षांची मुदत असते. मागे राहिलेला स्वतःचा देह कुणीतरी राखावा लागतो आणि ते काम शिष्याच्या गळ्यात पडते. राणीला भेद कळतो, ती त्या देहाचे तुकडे करवते, आणि ते परत मिळवण्याची धावपळ गोरक्षनाथांना करावी लागते. मुदत, मागे उघडा पडलेला देह, भार वाहणारा सोबती आणि भेद फुटण्याची भीती, या चार गोष्टींनी एका शक्तीतून अख्खी मोहीम उभी राहते. गुणांच्या साठ्याला ते जमत नाही.

दुसऱ्याच्या मनातले ओळखणे ही तर खेळ चालवणाऱ्याची कायमची डोकेदुखी. खुनी कोण हे पहिल्याच प्रश्नात कळले तर रहस्यकथा उरतेच कुठे? पतंजलीच्या योगसूत्रांतला तिसरा पाद सिद्धींचा आहे. तिथे परचित्तज्ञानाला एक मर्यादा घातली आहे: समोरच्याच्या चित्ताची अवस्था कळते, ती कशामुळे आहे ते कळत नाही. भीती दिसेल, भीतीचे कारण दिसणार नाही. हा नियम जसाच्या तसा उचलला तर तपास चालू राहतो आणि मन ओळखणारे पात्रही निकामी ठरत नाही. त्याच पादात सिद्धी या समाधीतले अडथळे म्हटल्या आहेत. म्हणजे शक्ती वाढली की मूळ ध्येय दूर जाते. इतकी सरस किंमत कोणत्याही नियमपुस्तकाला सुचलेली दिसत नाही. 'कॉल ऑफ क्थुलू' या कथाखेळाने 1981 मध्ये मनःस्वास्थ्याचे गुण घटवून तिच्या जवळपास जाण्याचा प्रयत्न केला, एवढेच.

शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी वस्त्यांतला भगत हा तिसरा नमुना. त्याची शक्ती त्याच्या मालकीची नसते. वारे अंगात येते ते दैवताच्या मर्जीने. दाणे पाहून मिळालेले उत्तर खरे की खोटे ते वस्ती ठरवते. खेळात हे आणायचे तर शक्तीचा ताबा खेळाडूकडे न ठेवता खेळ चालवणाऱ्याकडे द्यावा आणि पात्राची पत गावाच्या विश्वासावर तोलावी.

भगताच्या याच जगातली करणी आणि चेटूक मात्र पात्राच्या शक्तींच्या यादीत घालू नयेत. तिथे किंमत मोजतो तो पात्राबाहेरचा, जिवंत माणूस. मार्च 2024 मध्ये मुरबाड तालुक्यातल्या एका गावात जादूटोण्याच्या संशयावरून एका वृद्धाला जळत्या निखाऱ्यांवर नाचायला लावले गेले. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात अशा गुन्ह्याला सहा महिने ते सात वर्षांची कैद आहे.