केबिनमधली शेगडी

थंडीच्या दिवसांत आपल्या भागातील कांदा-द्राक्षांच्या गाड्या उत्तरेकडे निघतात. काही थेट जम्मूच्या पुढे जातात. बनिहाल-काझीगुंड दरम्यानचा साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा २०२१ साली खुला झाला, तरी रामबनच्या बाजूला दरड कोसळली की रस्ता बंद पडतोच. मग गाड्यांची रांग लागते आणि ड्रायव्हर-क्लीनर दोघांना रात्र केबिनमध्येच काढावी लागते.

अशा वेळी काचा चढवून, आत कोळशाची शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतते. थंडीने माणूस सहसा एका रात्रीत दगावत नाही, शेगडीने दगावतो. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला ना रंग, ना वास. डोळेही चुरचुरत नाहीत. धूर संपून निखारे लाल झाले म्हणजे धोका टळला, ही समजूत साफ चुकीची आहे. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, मळमळते, गरगरते, मग गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. इंजिन चालू ठेवून झोपल्यासही हाच धोका असतो, विशेषतः सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले असेल तर.

साथीदार गुंगीत आढळल्यास प्रथम दारे उघडून त्याला बाहेर मोकळ्या हवेत आणावे व तातडीने दवाखान्यात न्यावे. रक्तातील हा वायू साध्या हवेत निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू मास्कने दिल्यास सुमारे दीड तास पुरतो. हल्ली बोटाला लावतात ते ऑक्सिमीटर मात्र या विषबाधेत फसवे ठरते, आकडा चांगला दाखवते. म्हणून ‘आत शेगडी होती’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दारूने ऊब येते असे वाटते खरे, पण कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावून अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. बधिर, पांढरी पडलेली बोटे चोळू नयेत, विस्तवावरही धरू नयेत. कोमट पाण्यात बुडवावीत. कोरडे मोजे, कानटोपी आणि दोन जाड रजया एवढे सामान घरूनच बांधून द्यावे.

रात्री घरी फोन आला आणि ‘डोकं फार दुखतंय’ असे तो म्हणाला, तर आधी विचारा: शेगडी कुठे आहे?